दोन सेंटचा चेक

गेली एकोणीस वर्षं मी लोकांचे पगार काढते. इलिनॉयमधल्या एका कंपनीत पेरोल सांभाळते. दर दुसऱ्या शुक्रवारी माणसांच्या खात्यात पैसे पडतात आणि त्याआधीचे तीन दिवस मी मान वर करत नाही. डावीकडे एकूण पगार, मग एकामागून एक कपाती: फेडरल कर, राज्याचा कर, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, आरोग्य विमा, कुणाची पोटगी, कुणाची उचल. आणि अगदी उजव्या टोकाला, माणूस घरी नेतो तो आकडा.

म्हणून १८९४ सालचा एक चेक माझ्या डोक्यातून जात नाही. शिकागोच्या दक्षिणेला पुलमन नावाचं गाव होतं, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने आपल्या कामगारांसाठी वसवलेलं. तिथल्या मेथडिस्ट चर्चचे पाद्री विल्यम कारवर्डाइन यांनी त्या वर्षीच्या संपाबद्दल लिहिताना एका कामगाराची गोष्ट सांगितली आहे. घरभाडं वळतं करून त्याच्या हातात जो पगाराचा चेक पडला, तो होता दोन सेंटचा. त्याने तो वटवला नाही. चौकट करून घरात ठेवला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी पहिली नोकरी आठवली. तात्पुरते कामगार पुरवणारी एक कंपनी होती, मी नवीन होते. एक बाई काउंटरवर आली आणि पगाराची पावती माझ्यापुढे सरकवली. दोन आठवड्यांचं काम. आधी घेतलेली उचल, गणवेश, सुरक्षेचे बूट, कर, सगळं जाऊन अकरा डॉलर आणि काही सेंट उरले होते. मी प्रत्येक ओळ तपासली आणि तिला म्हणाले, "हिशोब बरोबर आहे." ती काही बोलली नाही. पावतीची घडी घालून निघून गेली. हिशोब खरोखरच बरोबर होता, आणि तरी ते वाक्य माझ्या तोंडून गेलं याची खंत मला आजही वाटते.

गेल्या सप्टेंबरात, लेबर डेच्या म्हणजे अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुट्टीत, मी पुलमन बघायला गेले. मिलेनियम स्टेशनवरून मेट्राची इलेक्ट्रिक लाइन पकडायची आणि १११व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरायचं. उतरल्याबरोबर जुन्या कारखान्याचा घड्याळाचा मनोरा दिसतो. १९९८ साली कुणीतरी आग लावून ही इमारत जवळजवळ संपवली होती. आता ती दुरुस्त करून तिथे माहिती केंद्र केलं आहे, आणि सगळा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

जाताना मी मनात राग घेऊनच गेले होते. पण ती घरं पाहिली आणि पहिला अर्धा तास मला कौतुकच वाटत राहिलं. लाल विटांची, ओळीने उभी, प्रत्येक ओळीची ठेवण जरा वेगळी. विटांची माती शेजारच्याच कॅल्युमेट तळ्याची. १८८० साली काम सुरू झालं, सोलन बीमन या तरुण वास्तुकाराने इमारती आखल्या आणि नेथन बॅरेटने बागा. घरात नळाचं पाणी, गॅस, सांडपाण्याची बंद गटारं. त्याच काळात शिकागोत मजुरांची कुटुंबं अंधाऱ्या लाकडी खोल्यांमध्ये, उघड्या घाणीशेजारी राहत होती, हे लक्षात घेतलं तर इथे राहायला आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल ते कळतं. माझं घर असतं तर मीही खूश झाले असते.

फरक इतकाच, की ते घर कधीच तिचं होणार नव्हतं. जॉर्ज पुलमन रेल्वेचे झोपण्याचे डबे बनवायचा. डबे विकण्यापेक्षा ते चालवण्यात त्याचा जास्त जीव, म्हणजे डबा कंपनीचा, रेल्वेमार्ग दुसऱ्याचा. गावही त्याने त्याच पद्धतीने बांधलं. प्रत्येक घर, दुकानांची आर्केड, बाजार, नाट्यगृह, शाळा, रस्ते, सगळं कंपनीच्या मालकीचं. गावात गुंतवलेल्या पैशावर सहा टक्के सुटले पाहिजेत, असा त्याचा नियम होता. वाचनालयाची वर्गणी वर्षाला तीन डॉलर. हिरवट दगडाचं ते सुंदर चर्चसुद्धा भाड्याने द्यायचं होतं, आणि भाडं इतकं की ते कित्येक वर्षं रिकामंच होतं. दारू फक्त फ्लॉरेन्स हॉटेलात मिळायची. ते हॉटेल पुलमनच्या मुलीच्या नावाचं, आणि तिथे जाणं मजुराला परवडणारं नव्हतं. दहा दिवसांची नोटीस देऊन कुणालाही घराबाहेर काढता येत असे. रिचर्ड इली नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८८५ सालीच इथे राहून एक लेख लिहिला आणि या व्यवस्थेला परोपकारी सरंजामशाही म्हटलं. लोकांना बरं वाटावं अशीच सगळी रचना आहे, पण कुणी मोकळेपणाने बोलत नाही, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

१८९३ साली शिकागोने सगळ्यांचे डोळे दिपवले. कोलंबसच्या नावाचं जागतिक प्रदर्शन मे महिन्यात सुरू झालं, पांढऱ्याशुभ्र इमारती, विजेचे दिवे. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला. फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे फेब्रुवारीतच बुडाली होती. वर्षभरात पाचशेहून जास्त बँका बंद पडल्या. नवे डबे कोण घेणार? पुलमनच्या कारखान्यात माणसं कमी झाली, आणि जी राहिली त्यांचे दर सरासरी पंचवीस टक्के उतरले. काही विभागांत याहून कितीतरी जास्त.

भाडं मात्र एक सेंटनेही उतरलं नाही.

आजूबाजूच्या वस्त्यांपेक्षा ते आधीच वीस ते पंचवीस टक्के जास्त होतं, असं पुढे संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाला आढळलं. आणि वसुलीची पद्धत अशी, की ती वाचताना माझ्यातल्या पेरोलवालीला ओळखीचा वास आला. भाडं पगारातून थेट कापता येत नसे, म्हणून कामगाराला दोन चेक मिळायचे. एक भाड्याच्या रकमेचा, एक उरलेल्या रकमेचा. ते वटवायचे कंपनीच्याच बँकेत. पहिल्या चेकवर सही करून तो खिडकीतल्या कारकुनाला परत द्यायचा. कागदोपत्री कुणी काही कापलं नाही. माणसाने स्वतःच्या हाताने भाडं भरलं. थॉमस हीथकोट या कामगार संघटनेच्या स्थानिक अध्यक्षाने आयोगापुढे सांगितलं की आठ-नऊ मुलांचे बाप त्या खिडकीशी उभे राहून रडताना आपण पाहिले आहेत, कारण भाडं गेल्यावर त्यांच्या हातात तीन-चार सेंट उरले होते.

आणि जेनी कर्टिस. या संपूर्ण प्रकरणात कामगारांचा पुढारी डेब्स, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड आणि मालक पुलमन यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. माझ्यासाठी मात्र हे प्रकरण म्हणजे जेनी कर्टिस. ती डब्यांसाठी लागणारं शिवणकाम करायची, गालिचे, गाद्या, चादरी. नगावर मजुरी. जून १८९३ मध्ये ती दिवसाला सव्वादोन डॉलर कमवत होती. संप झाला त्या दिवसापर्यंत, जीव तोडून काम केलं तरी सत्तर-ऐंशी सेंटच्या वर जाता येत नव्हतं. तिचे वडील तेरा वर्षं पुलमन कंपनीत होते. तीन महिने आजारी पडून सप्टेंबरात गेले. तेव्हा घरभाड्याची साठेक डॉलर थकबाकी होती. कंपनीने ती मुलीच्या नावावर टाकली. नोकरी टिकवायची तर फेड. पंधरा दिवसांच्या कामाचे नऊ-दहा डॉलर यायचे, त्यातले सात जेवण-राहण्याला, उरलेले दोन-तीन मेलेल्या बापाच्या भाड्याला. जूनमध्ये रेल्वे कामगारांच्या अधिवेशनात उभं राहून तिने हे सांगितलं तेव्हा अजून पंधरा डॉलर बाकी होते.

मी कागदावर मांडून पाहिलं, सवयच ती. साठातून पंधरा गेले, पंचेचाळीस. सप्टेंबरच्या शेवटापासून मेपर्यंत सोळा-सतरा पगार. पगारामागे पावणेतीन डॉलर. तिने सांगितलेला आकडा तंतोतंत जुळतो. तिच्या साक्षीत अतिशयोक्ती शोधणाऱ्या प्रत्येकाला हा गुणाकार-भागाकार दाखवावासा वाटतो.

कंपनीची बाजू अशी होती, की मंदीत तोट्याची कंत्राटं घेऊन आम्ही कारखाना चालू ठेवला, हे उपकारच आहेत. त्यात थोडं तथ्य होतं, काही कंत्राटं तोट्यात घेतली होती. आणि भाड्याबद्दल उत्तर असं, की मालक म्हणून आम्ही वेगळे आणि घरमालक म्हणून वेगळे, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. खाती वेगळी. हा युक्तिवाद मी माझ्या कामात इतक्या वेळा ऐकला आहे की तो वाचताना मला खुर्चीत बसवेना. मग आयोगाच्या अहवालातले हे दोन आकडे घ्या. जुलै १८९३ला संपलेल्या वर्षात पुलमन कंपनीने मजुरीवर खर्च केले ७२ लाख २३ हजार डॉलर, पुढच्या वर्षी ४४ लाख ७१ हजार. त्याच दोन वर्षांत भागधारकांना लाभांश दिला पहिल्यांदा २५ लाख २० हजार आणि नंतर २८ लाख ८० हजार. मजुरी साडेसत्तावीस लाखांनी खाली, लाभांश तीन लाख साठ हजारांनी वर. शिवाय न वाटलेला नफा तिजोरीत पडून होता सुमारे अडीच कोटी. मंदी जर सगळ्यांवर आली होती, तर ती फक्त एकाच रकान्यात कशी दिसते?

मे महिन्याच्या सुरुवातीला कामगारांचं शिष्टमंडळ कंपनीच्या वरच्यांना भेटायला गेलं. भेटणाऱ्यांवर सूड घेतला जाणार नाही, असा शब्द मिळाला होता. १० मेला त्यांच्यातल्या तिघांना घरी बसवलं. ११ मेला कारखाना रिकामा झाला.

पुढचा भाग पुस्तकांमध्ये भरपूर आहे, म्हणून थोडक्यात. युजीन डेब्सची अमेरिकन रेल्वे युनियन जेमतेम वर्षभराची होती, पण एप्रिलमध्येच तिने ग्रेट नॉर्दर्न रेल्वेविरुद्धचा संप अठरा दिवसांत जिंकला होता आणि तिच्याकडे सुमारे दीड लाख सभासद होते. पुलमनच्या भानगडीत एवढ्यात पडू नये असं खुद्द डेब्सला वाटत होतं. पण जेनीचं आणि तिच्यासारख्यांचं ऐकल्यावर अधिवेशन थांबणार नव्हतं. त्यांनी लवाद नेमा म्हटलं. कंपनीचं उत्तर एकच, लवादाकडे नेण्यासारखं इथे काही नाही. २६ जूनपासून बहिष्कार सुरू झाला. ज्या गाडीला पुलमनचा डबा असेल, ती गाडी जोडायची नाही. एका सांधेवाल्याने नकार दिला की त्याला काढायचे, आणि त्याला काढलं की अख्खी पाळी काम सोडायची. काही दिवसांत सत्तावीस राज्यांत सुमारे अडीच लाख माणसं कामाबाहेर होती आणि शिकागोच्या पश्चिमेकडची वाहतूक ठप्प झाली.

शिकागोला येणाऱ्या चोवीस रेल्वे कंपन्यांची एक व्यवस्थापक संघटना होती. त्यांनी टपालाचे डबे पुलमनच्या डब्यांबरोबर जोडायला सुरुवात केली. आता गाडी अडली की टपाल अडलं, आणि टपाल अडलं की गुन्हा केंद्र सरकारविरुद्ध. महान्यायवादी रिचर्ड ओल्नी स्वतः वर्षानुवर्षं रेल्वे कंपन्यांचा वकील होता. २ जुलैला न्यायालयाने मनाई हुकूम काढला. त्याचा मजकूर वाचला तेव्हा मी दोनदा थांबले. गाड्या अडवू नका एवढंच त्यात नाही. कामगाराला काम सोडण्यासाठी समजावणं, त्यासाठी तार पाठवणं, हेसुद्धा मना. आणि आधार कशाचा, तर १८९० सालच्या शर्मन कायद्याचा, जो मोठ्या मक्तेदार कंपन्यांना वेसण घालायला केला होता. मक्तेदारीसाठी बनवलेलं कुलूप संघटनेच्या तोंडाला लावलं. या अन्यायाची मला आजही चीड येते.

३ जुलैला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँडने सैन्याला हुकूम दिला, आणि ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, फोर्ट शेरिडनचे सैनिक शिकागोत होते. त्या हुकमाआधी पाचच दिवस, २८ जूनला, त्याच क्लीव्हलँडने लेबर डेला राष्ट्रीय सुट्टी करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. मी ज्या सुट्टीत पुलमनला गेले ती हीच.

राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्डने सैन्य मागितलं नव्हतं. त्याने क्लीव्हलँडला कडक शब्दांत तसं कळवलंही. हा तोच आल्टगेल्ड, ज्याने वर्षभरापूर्वी हेमार्केट खटल्यात, म्हणजे १८८६ साली शिकागोतल्या कामगार सभेत झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात, तुरुंगात उरलेल्या तिघांना माफी दिली होती, कारण त्यांचा खटला न्याय्य झाला नव्हता असं त्याचं मत होतं. त्या माफीने त्याची राजकीय कारकीर्द जवळजवळ बुडवली आणि तरी तो दुसऱ्यांदा सत्तेसमोर उभा राहिला. सैन्य येईपर्यंत शिकागो बऱ्यापैकी शांत होतं. आल्यावर जमाव भडकला. ६ जुलैला दक्षिणेकडच्या यार्डांत शेकडो मालडबे जळले, दुसऱ्या दिवशी राज्याच्या मिलिशियाने गर्दीवर गोळ्या झाडल्या. आयोगाच्या नोंदीत शिकागो परिसरात गोळ्यांनी मेलेले बारा जण आहेत. १० जुलैला डेब्सला अटक झाली. मनाई हुकूम मोडल्याबद्दल त्याला सहा महिने वुडस्टॉकच्या तुरुंगात काढावे लागले, आणि १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने योग्य ठरवलं. त्याच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो लढला, एका रेल्वे कंपनीची वकिली सोडून.

जेन ॲडम्सबद्दलही सांगायला हवं. हल हाऊस हे शिकागोच्या गरीब वस्तीतलं समाजकेंद्र चालवणारी ही बाई दोन्ही बाजूंना एका टेबलाशी आणायला धडपडत होती. त्याच दिवसांत तिची थोरली बहीण शेवटच्या आजारात होती, आणि गाड्या बंद असल्याने बहिणीच्या माणसांना वेळेत पोहोचता आलं नाही. इतकं होऊनही तिने संपकऱ्यांचा द्वेष केला नाही. मला तिचा हेवा वाटतो.

माहिती केंद्रातून बाहेर पडून मी उत्तरेकडे चालत गेले, तिथे पुलमन पोर्टर्सचं संग्रहालय आहे. डब्यांत बिछाने घालणारे, बूट पुसणारे, रात्रभर जागणारे काळे सेवक. सुरुवातीच्या काळात त्यांच्यातले बरेचसे गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले. प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारत नसत, मालकाच्या नावाने "जॉर्ज" म्हणत. पगार तुटपुंजा, बाकी बक्षिसीवर. १८९४च्या त्या अधिवेशनात काळ्या रेल्वे कामगारांना सभासद करून घ्यावं असा प्रस्ताव आला होता. डेब्स त्याच्या बाजूने होता. थोड्या मतांनी प्रस्ताव पडला. जेनी कर्टिसचं ऐकून हेलावलेल्या त्याच सभागृहाने, त्याच आठवड्यांत, शेजारच्या माणसाला दार लावलं. संप का फसला याची कारणं सांगताना सैन्य, न्यायालय, टपाल अशी यादी दिली जाते. मी त्यात हे मतदान सगळ्यात वर ठेवीन. पोर्टर्सना स्वतःची संघटना उभी करायला १९२५ साल उजाडलं, ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली, आणि कंपनीकडून पहिला करार मिळवायला आणखी बारा वर्षं लागली.

ऑगस्टमध्ये कारखाना पुन्हा उघडला. परत येणाऱ्याला युनियन सोडल्याचं लिहून द्यावं लागे. आल्टगेल्ड स्वतः गावात आला, लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि झोपायच्या खोल्यांत जाऊन पाहिलं, आणि पुलमनला कळवलं की माणसं उपाशी आहेत. कंपनी हलली नाही. राज्यपालाला लोकांकडे मदत मागावी लागली.

पुलमन १८९७ साली वारला. त्याची शवपेटी शिशाने मढवून, काँक्रीट आणि पोलादी रुळांखाली पुरली, कारण कुणीतरी थडगं उकरेल अशी घरच्यांना भीती होती. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डबे बनवणाऱ्या कंपनीला गावाची मालकी ठेवता येणार नाही, घरं विकून टाका. आज त्या घरांच्या पायऱ्यांवर माणसं खुर्च्या टाकून बसलेली दिसतात. एका आजोबांना मी विचारलं, भाड्याने राहता का. "स्वतःचं आहे," ते म्हणाले, आणि पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला.

मंगळवारी कामावर गेले. त्या आठवड्यात पगार होता. तेव्हापासून मी एक गोष्ट करते: शिक्का मारण्याआधी संपूर्ण यादी हातात येणाऱ्या रकमेप्रमाणे लावते, सगळ्यात कमी आकडा सगळ्यात वर. गेल्या महिन्यात वर आलेला आकडा होता एकतीस डॉलर. रात्रपाळीचा सफाई कामगार, आधी चुकून जास्त दिलेला पगार एकाच फटक्यात वसूल होत होता. हिशोब बरोबर होता. मी फोन उचलला आणि वरच्यांना विचारलं, ही वसुली सहा पगारांवर पसरता येईल का. पाच मिनिटं ते काही बोलेनात, कागद चाळत असावेत. मग हो म्हणाले.